मुलाबाळांसह पहिला बोटीचा प्रवास

कोकणातल्या आपल्या माणसांना बोट नवी नाही. गिरणीत आणि गोदीत कामाला आलेली आजोबा-पणजोबांची पिढी भाऊच्या धक्क्यावर उतरूनच मुंबईत शिरली. रत्नागिरी, देवगड, मालवण अशी बंदरे घेत बोट चालायची. मे महिन्यात गावी जाताना ट्रंक, वळकटी आणि भाकरीचे गाठोडे घेऊन माणसे डेकवर पथारी टाकत. पुढे रस्ते झाले, एस.टी. वाढली, बोट बंद पडली. २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि बोटीची आठवण म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात तेवढी उरली.

आता बोट परत आली आहे, पण वेगळ्या रूपाने. ती गावी पोचवत नाही, फिरवून आणते. तिला ‘क्रूझ’ म्हणतात. मुंबईहून गोव्याला जाणारी ‘आंग्रिया’ २०१८ साली सुरू झाली होती, ती फार काळ टिकली नाही. नंतर सप्टेंबर २०२१ मध्ये कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे मोठे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करू लागले. हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेले आहे. अकरा मजले आणि सुमारे अठराशे प्रवाशांची सोय, म्हणजे आपल्या चार-पाच चाळी एकावर एक ठेवून समुद्रात सोडल्यासारखेच. मुले मोबाईलवर त्याची चित्रे पाहतात आणि विचारतात, “पप्पा, आपण कधी जायचं?” बहुतेक घरांतून एकच उत्तर मिळते, “ते आपलं काम नाही.”

हे उत्तर बरोबर आहे का, ते या लेखात पाहू. समुद्र कोणा एकाच्या मालकीचा नाही आणि तिकीट काढणाऱ्याला कोणी त्याची वस्ती विचारत नाही. पण हौसेपायी डोक्यावर कर्ज घेऊन जहाजावर चढणे, हेही शहाणपणाचे नाही. म्हणून पहिला नियम मनात पक्का करावा : जहाजावर पाऊल ठेवण्याआधी त्या प्रवासाचा शेवटचा रुपया फिटलेला असला पाहिजे. हे जमत असेल तर जरूर जावे. जमत नसेल तर त्याहून लहान बोट आहे, तिच्यानेही मुलांना समुद्र दिसतो.

आधी लहान बोट

मोठ्या जहाजाचा विचार करणाऱ्यांनीही सुरुवात लहान बोटीने करावी. मुलांना बोट मानवते का, आईला मळमळते का, बाबांना पाण्याची भीती वाटते का, हे तासाभरात कळते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट मार्च २०२० मध्ये सुरू झाली. तिच्यात माणसांबरोबर मोटारी आणि मोटारसायकलीही जातात. साधारण तासाभराचा प्रवास असतो. सकाळी गेलेले कुटुंब संध्याकाळी घरी येऊ शकते.

दुसरा पर्याय गेट वे ऑफ इंडियावरून घारापुरीचा. तेथील शैव लेणी जगप्रसिद्ध आहेत आणि १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. पण त्याच बेटाच्या पूर्वेकडील टेकडीवर प्राचीन बौद्ध स्तूपाचे अवशेष आहेत, हे आपल्या पुष्कळ लोकांना ठाऊक नसते. मुलांना हे आवर्जून सांगावे. सोमवारी लेणी बंद असतात, तेवढे लक्षात ठेवावे. कोकणात गावी जाणाऱ्यांना तर वाटेतच दाभोळ ते धोपावे, आगरदांडा ते दिघी अशा फेरीबोटी मिळतात.

लहान बोटीत बसताना एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळावी. १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली आणि १५ माणसे मृत्युमुखी पडली. त्या बोटीवरील अनेकांच्या अंगावर लाईफ जॅकेट नव्हते. त्याच्याही आधी, १७ जुलै १९४७ रोजी, ऐन पावसाळ्यात मुंबईहून रेवसला जाणारी ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक लोक गेले. ही उदाहरणे भीती घालण्यासाठी दिलेली नाहीत. त्यांतून तीन धडे घ्यायचे आहेत. पावसाळ्यात हौसेचा समुद्रप्रवास करू नये. खच्चून भरलेल्या बोटीत चढू नये, पुढच्या बोटीची वाट पाहावी. आणि बसल्याबरोबर लाईफ जॅकेट मागून घ्यावे, आधी मुलांना आणि मग स्वतःला बांधावे. कोणी हसले तर हसू द्यावे.

जाहिरातीतला आकडा आणि खरा आकडा

आता मोठ्या जहाजाकडे वळू. जाहिरातीत ठळक अक्षरांत एक भाडे छापलेले असते. ते बहुधा दोन माणसांच्या खोलीतील एका माणसाचे असते आणि सर्वांत स्वस्त खोलीचे असते. त्यात सरकारी कर, बंदराचे शुल्क आणि नोकरवर्गाच्या सेवेचे शुल्क धरलेले असतेच असे नाही. म्हणून पैसे भरण्याआधी एकच प्रश्न विचारावा : “आम्ही चौघे, सगळे धरून एकूण किती?” तो आकडा कागदावर लिहून मागावा.

समजण्यासाठी एक हिशेब मांडू. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. आई, वडील आणि दोन मुले असे चौघे. जाहिरातीत माणशी १५ हजार, म्हणजे ६० हजार. कर आणि इतर शुल्के १४ हजार. गोव्यात उतरल्यावर टॅक्सी आणि जेवण ४ हजार. गावाहून मुंबईला येण्याजाण्याचे ३ हजार. जहाजावर आईस्क्रीम, फोटो, खेळ असा सटरफटर खर्च ३ हजार. बेरीज झाली ८४ हजार. जाहिरात वाचून घरातून ६० हजार घेऊन निघालेला माणूस येथेच फसतो आणि उरलेले २४ हजार कोणाकडून तरी उसने घेतो.

हेच ८४ हजार वर्षभरात साठवायचे तर दरमहा ७ हजार, दोन वर्षांत साठवायचे तर दरमहा साडेतीन हजार बाजूला काढावे लागतात. बँकेत आवर्ती ठेव उघडावी. खाते आईच्या नावावर असले तर पैसे मध्येच मोडले जाण्याचा धोका कमी, हा आपल्या घराघरांतला अनुभव आहे. मुलांनाही यात घ्यावे. भिंतीवर कागद लावून दर महिन्याला किती जमले ते त्यांच्याकडून लिहून घ्यावे. बचत म्हणजे काय, हे मुले अशीच शिकतात.

साडेतीन हजारही जड जात असतील, फी थकलेली असेल, घरात आजारपण असेल, तर मोठ्या जहाजाचा विचार सध्या बाजूला ठेवावा. यात कमीपणा काही नाही. बचत गटाचे कर्ज शिलाई मशीनसाठी, दुकानासाठी असते, सहलीसाठी नाही. सोने गहाण ठेवून, ‘आता फिरा आणि नंतर हप्ते भरा’ अशा योजनेला भुलून जाऊ नये. सहल दोन-तीन दिवसांत संपते, हप्ते वर्षभर चालतात.

तारीख, खोली आणि कागदपत्रे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात अरबी समुद्र बहुतेक शांत असतो. दिवाळी, नाताळ आणि ३१ डिसेंबरच्या आसपास भाडे चढलेले असते. शाळेच्या परीक्षा, लग्नसराई, एप्रिलमधली जयंती हे सर्व पाहून मधले दिवस निवडावेत. फेऱ्यांचे वेळापत्रक दर हंगामाला बदलते, म्हणून गेल्या वर्षी कोणी गेले होते तेवढ्यावर विसंबू नये.

खोल्या तीन-चार प्रकारच्या असतात. आतली खोली बिनखिडकीची आणि स्वस्त, बाहेरची खिडकीची, आणि गॅलरी असलेली महाग. आपण खोलीत फक्त झोपायला जाणार, तेव्हा आतली खोली पुरते. समुद्र पाहायला सगळ्यांसाठी एकच डेक असतो. जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर हेलकावे कमी जाणवतात, म्हणून मळमळणाऱ्यांनी तशी खोली मागावी. गॅलरीच्या खोलीत लहान मुलांवर सतत नजर ठेवावी लागते, हेही विसरू नये.

देशातल्या देशात जाताना मोठ्यांचे सरकारी ओळखपत्र लागते. मुलांचे आधार कार्ड किंवा जन्मदाखला बरोबर ठेवावा. नावांचे स्पेलिंग तिकिटावर आणि ओळखपत्रावर एकच असावे. आडनावात फरक असेल तर पैसे भरतानाच दुरुस्त करून घ्यावा, धक्क्यावर वाद घालून उपयोग होत नाही. परदेशी बंदराला जाणाऱ्या फेरीसाठी मुलांनाही पासपोर्ट लागतो. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालील बाळांना आणि सहाव्या महिन्यात गेलेल्या गरोदर स्त्रियांना घेत नाहीत, तेव्हा आधी विचारावे.

तिकीट कंपनीकडून किंवा ओळखीच्या, दुकान असलेल्या एजंटाकडून घ्यावे. पैसे एखाद्या माणसाच्या खासगी मोबाईल नंबरवर पाठवू नयेत. पावती घ्यावी आणि आरक्षण क्रमांक कंपनीला फोन करून पडताळावा. प्रवास रद्द केला तर किती पैसे कापले जातात, तेही विचारावे. तारीख जवळ येते तशी ही कपात वाढत जाते.

जहाजावरचा पहिला तास

धक्क्यावर सामान तपासले जाते, फोटो काढला जातो आणि प्रत्येकाला एक कार्ड मिळते. हेच खोलीची चावी आणि हेच पैशाचे पाकीट. जहाजावर रोख पैसे सहसा चालत नाहीत, कार्ड दाखवले की खर्च नावावर चढतो. हातातून नोट जात नाही, म्हणून खर्च कळत नाही. मुलांच्या कार्डावर खर्चाची सोय बंद करता येते का, ते काउंटरवर विचारावे आणि रोज रात्री झालेला खर्च तपासावा.

मोबाईलची गोष्टही अशीच. किनारा सुटल्यावर थोड्या वेळात आपले नेटवर्क जाते. काही जहाजांवर समुद्रातले वेगळे नेटवर्क असते, ते फोनने आपोआप पकडले तर मोठे बिल येऊ शकते. म्हणून जहाज हलले की सर्वांचे फोन ‘फ्लाईट मोड’वर ठेवावेत.

जहाज सुटण्याच्या सुमारास सर्वांना सुरक्षेची माहिती देतात, कवायत घेतात. काही लोक त्या वेळी जेवणाच्या रांगेत उभे राहतात. आपण तसे करू नये. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाले तेव्हा सर्वांना पुरतील इतक्या जीवरक्षक नावा त्यावर नव्हत्या. त्यानंतर १९१४ साली जहाजावरील माणसांच्या जीवरक्षणासाठी पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे जहाज खडकावर आदळून ३२ जण मेले. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत तोवर झालेलीच नव्हती. नंतर नियम कडक झाला. आता लांबच्या फेरीत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ही कवायत घ्यावी लागते. आज जी माहिती आपल्याला कंटाळवाणी वाटते, ती माणसांच्या मरणातून आलेली आहे.

मुलांना तीन गोष्टी पाठ करून द्याव्यात : आपल्या खोलीचा नंबर, संकटात जमण्याची जागा आणि धोक्याची खूण. सात आखूड भोंगे आणि त्यामागून एक लांब भोंगा, ही ती खूण. खोलीत मुलांच्या मापाचे लाईफ जॅकेट आहे का, ते पहिल्या तासातच पाहावे आणि नसल्यास मागून घ्यावे. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाच्या अंगातून निसटते.

डेकच्या कठड्यावर कोणालाही चढवू नये, फोटोसाठी तर मुळीच नाही. जहाजावरील पोहण्याच्या तलावाशी जीवरक्षक असेलच असे नाही. मूल पाण्यात असेल तेव्हा घरातला एक मोठा माणूस काठावर हवाच, आणि त्याच्या हातात मोबाईल नको.

मळमळ आणि पोटाचे दुखणे

बोट लागणे हा कमकुवतपणा नव्हे. कानाच्या आतील तोल सांभाळणाऱ्या इंद्रियाला हालचाल जाणवते, पण डोळ्यांना खोली स्थिर दिसते, त्यामुळे मेंदूचा गोंधळ होतो. अशा वेळी उघड्या डेकवर यावे आणि दूर क्षितिजाकडे पाहावे. खोलीत पडून मोबाईल पाहिला तर त्रास वाढतो. पोट रिकामे ठेवू नये, पण तेलकटही खाऊ नये. कोरडी बिस्किटे, आले घातलेले पाणी याने बरे वाटते. गोळी घ्यायची तर ती त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते. मुलांना मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नये. मळमळीसाठी वापरले जाणारे प्रोमेथाझिन हे औषध दोन वर्षांखालील मुलांना देऊ नये, त्याने श्वास मंदावू शकतो. निघण्याआधी आपल्या डॉक्टरांकडून मुलाच्या वजनाप्रमाणे औषध लिहून घ्यावे. जहाजावर डॉक्टर असतो, पण त्याची फी वेगळी लागते.

शेकडो माणसे एकाच ठिकाणी जेवतात, तेथे जुलाब-उलटीची साथ चटकन पसरते. जेवणाआधी साबणाने आणि पाण्याने हात धुवावेत. अशी साथ आणणाऱ्या नोरोव्हायरसवर बाटलीतला सॅनिटायझर नीट काम करत नाही.

संकोच सोडावा

पहिल्यांदा जाणाऱ्यांना खरी भीती समुद्राची नसते, माणसांची असते. काटा-चमचा कसा धरायचा, कपडे कसले घालायचे, इंग्रजी बोलावे लागेल का, असे वाटते. तर ऐका. देशी जहाजावर शाकाहारी-मांसाहारी दोन्ही जेवण मिळते आणि हाताने जेवणाऱ्याला कोणी अडवत नाही. स्वच्छ, धुतलेले, अंगाला बसणारे कपडे पुरेत. घसरणार नाहीत अशा चपला आणि रात्रीच्या वाऱ्यासाठी स्वेटर तेवढा घ्यावा. हिंदी सर्वांना कळते. जे समजले नाही ते सरळ विचारावे. आपण पैसे मोजून आलो आहोत.

तेथे ताट उचलणारी, चादर बदलणारी मुले आपल्यासारख्याच घरांतली आहेत. त्यांना आपल्या मुलांनी ‘धन्यवाद’ म्हणावे. ताटात घेऊन टाकून देऊ नये. जेवण भाड्यातच धरलेले असले तरी त्यामागे कोणाची तरी मेहनत आहे.

गोव्यात जहाज वास्कोजवळच्या मुरगाव बंदराला लागते. पणजी तेथून साधारण तीस किलोमीटर आहे. हाती काही तासच असतात, तेव्हा सारा गोवा पाहण्याचा हट्ट धरू नये. टॅक्सीचे भाडे आधी ठरवावे, जवळचा एक किनारा पाहावा आणि जहाजाच्या वेळेआधी एक तास परत यावे. जहाज कोणासाठी थांबत नाही. लक्षद्वीपला जहाज बेटापासून दूर नांगर टाकते आणि लहान नावांतून माणसे नेतात. समुद्र खवळला तर उतरणे रद्द होते, याची मुलांना आधीच कल्पना द्यावी.

रजा कोणाला मिळते?

आपल्या सहलींत एक गोष्ट नेहमी घडते. बाकीचे फिरतात आणि आई पुरी-भाजी करते, डबे भरते, भांडी घासते. जहाजावर चूल नाही, भांडी नाहीत, पाणी भरायचे नाही. घरात राबणाऱ्या बाईला दोन दिवस आयते ताट समोर मिळते. आपल्या पुष्कळ आयांना लग्नानंतर असा एकही दिवस मिळालेला नसतो. पण मुलांना आंघोळ घालणे, त्यांच्यामागे धावणे हे सारे तिच्यावरच पडले, तर तिची रजा पुन्हा बुडाली. म्हणून वडिलांनी आणि मोठ्या मुलांनी पाळ्या लावून घ्याव्यात. एक सकाळ आईने डेकवर नुसते बसून समुद्र पाहावा, इतके तरी झालेच पाहिजे. घरी चाळीत मांडव्याला जाऊन परत येणाऱ्यांनाही हा नियम लागू आहे. त्या दिवशी डबा बाबांनी भरावा.

मुलांनी केवळ मजा करून येऊ नये, डोळे उघडे ठेवून यावे. जहाज कोण चालवते, इंजिनात कोण असते, याची चौकशी करावी. बारावीला भौतिक, रसायन आणि गणित घेतलेली मुले-मुली इंडियन मेरिटाईम युनिव्हर्सिटीची प्रवेश परीक्षा देऊन जहाजावरील अधिकारी होण्याचे शिक्षण घेऊ शकतात. दहावीनंतर खलाशाचे प्रशिक्षणही असते. मात्र या क्षेत्रात नोकरीचे आमिष दाखवून लुबाडणारे दलाल फार आहेत. केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाची मान्यता पाहिल्याशिवाय कोणत्याही संस्थेला एक रुपयाही देऊ नये.

तेव्हा “ते आपलं काम नाही” हे उत्तर आता बदलावे. मुलाने विचारले तर भिंतीवर कागद लावावा, त्यावर पूर्ण खर्चाचा आकडा लिहावा आणि सांगावे, “हे जमलं की जाऊ.” तोवर एखाद्या रविवारी भाऊच्या धक्क्यावर जावे, मांडव्याची बोट धरावी आणि मुलाला खिडकीजवळ बसवावे.